ज्वारीचें पिष्ट व त्याचे अतिसूक्ष्म कण

सोलापूर शहराबाहेर अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर जी औद्योगिक वसाहत आहे, तेथें चादरी व टॉवेल विणणारे कारखाने दाटीनें वसलेले आहेत. या कारखान्यांचा व आपल्या शेतांचा संबंध केवळ कापसापुरता आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः कापूस हा त्या संबंधाचा एक भाग झाला. दुसरा भाग खळीचा. ताण्याचें सूत मागावर चढविण्यापूर्वीं त्यास खळ द्यावी लागते. बिनखळीचें सूत फणींतून जातां-येतां घासतें, पिंजतें व तुटतें. खळीनें सुतावर पातळ पापुद्रा चढतो, बाहेर आलेले तंतू दबून बसतात आणि सूत ताण सोसूं लागतें. टॉवेलाच्या मागावर ताण्याचे दोन रूळ असतात. एक अंगच्या विणीचा व दुसरा वर दिसणाऱ्या फाशांचा. पैकीं पहिल्यास खळ अधिक लागते, दुसऱ्यास हलकी. ही खळ मुख्यत्वें पिष्टाची, म्हणजे बाजारांत ज्यास स्टार्च म्हणतात त्याची, असते. आणि पिष्ट धान्याच्या दाण्यांतून येतें.

हें पिष्ट आज बहुतांशीं मक्याचें असतें. धुळें जिल्ह्यांत दोंडाईचें येथें मक्यापासून पिष्ट काढण्याचा मोठा कारखाना आहे. आपला जिल्हा मात्र शाळूचा. मोहोळच्या शेतकी केंद्रांत निवडून काढलेली मालदांडी ३५-१ ही जात महाराष्ट्राबाहेरही पेरली जाते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हां शाळूचें पिष्ट जवळच्याच मागांना कां पुरवूं नये, हा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्यांत भर पडली ती ‘नॅनो’ या शब्दाची. इफ्कोनें २०२१ सालीं नॅनो युरियाची बाटली बाजारांत आणल्यापासून हा शब्द खेड्यापाड्यांतून ऐकूं येतो. आतां बियांतील पिष्टाचेही असे अतिसूक्ष्म कण करतां येतात व त्यांस मोठें मोल येईल, असें बोललें जातें. या बोलण्यावर कितपत विसंबावें हें ठरविण्यास ते कण होतात कसे, आणि ते खरोखर झाले हें ओळखावें कसें, या दोन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत.

पिष्ट काढण्याची विद्या आपल्या घरांना नवी नाहीं. कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून व फडक्यांतून पिळून जो चीक धरतात, तें गव्हाचें पिष्टच होय. रात्रभर ठेवलेल्या पातेल्यांत पाणी वर निवळतें व तळाशीं पांढरा घट्ट थर बसतो, कारण पिष्टाचा कण पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतो. हे कण डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसतात. तांदुळाचे कण ३ ते ८ मायक्रोमीटर असतात, मक्याचे व ज्वारीचे साधारणतः ५ ते २५, आणि बटाट्याचे थेट १०० पर्यंत. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; नॅनोमीटर त्याचाही हजारावा. ज्वारीचा एक सरासरी कण १५ मायक्रोमीटर, म्हणजे १५,००० नॅनोमीटर धरला, तर ५० नॅनोमीटरचा कण रुंदीनें त्याच्या तीनशेंव्या हिश्श्याचा झाला. एका मूळ कणाइतक्या पिष्टांतून असे २ कोटी ७० लाख कण निघतील, व त्यांचा एकूण पृष्ठभाग मूळच्या तीनशेंपट होईल. नॅनोचें सारें महत्त्व या पृष्ठभागांत आहे. पदार्थ तोच, पण दुसऱ्या वस्तूस भिडण्याची त्याची जागा वाढलेली.

हा मूळ कण एकसंध नसतो. तो कांद्यासारखा थराथरांनीं वाढतो. त्यांत अमायलोज व अमायलोपेक्टिन अशीं दोन द्रव्यें असतात. पैकीं अमायलोपेक्टिनच्या फांद्या शेजारीं-शेजारीं रचून कठीण स्फटिकमय थर होतो व दोन कठीण थरांमध्यें एक मऊ थर राहतो. कठीण व मऊ अशा एका जोडीची जाडी सुमारें ९ नॅनोमीटर भरते. अतिसूक्ष्म कण करण्याची जी सर्वांत अभ्यासिलेली रीत आहे, ती या रचनेवरच आधारलेली आहे; तिजकडे पुढें वळूं. प्रथम पिष्ट कसें काढावें तें पाहूं, कारण मूळ पिष्टच हिणकस असेल तर पुढची सर्व खटपट व्यर्थ होय.

ज्वारीच्या दाण्यांत पिष्ट शेंकडा ६५ ते ७५ असतें, म्हणजे मक्याच्या तोडीचें. तरीही कारखानदार मका पसंत करतो, त्यास कारणें आहेत. मक्याचा अंकुर मोठा असतो, तो सहज वेगळा होतो व त्याचें तेल निघतें. ज्वारीचा अंकुर लहान व चिवट. ज्वारीच्या सालींतील व तुसांतील रंगद्रव्य पाण्यांत उतरून पिष्टास गुलाबी किंवा करडी झांक देतें. शिवाय दाण्याच्या कडक भागांत प्रथिनाचें जाळें पिष्टकणांस घट्ट धरून ठेवतें व तें सहजासहजीं सोडीत नाहीं. मोत्यासारखा चमकदार म्हणून ज्या दाण्याचें आपण कौतुक करतों, त्यांत हा कडक भागच अधिक असतो. पिष्ट काढणारास याच्या उलट मऊ, पिठूळ दाणा हवा असतो.

चार-दहा किलोंवर प्रयोग करूं इच्छिणारानें पुढीलप्रमाणें करावें. ज्वारी पाखडून, सालटें काढून घ्यावी. १० किलो दाण्यास २० लिटर पाणी घेऊन त्यांत ४० ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट विरघळावें. दाणे त्यांत २४ ते ४८ तास भिजूं द्यावे. पाणी हातास चांगलें कढत लागेल इतकें, म्हणजे ५० अंशांच्या आसपास, राहिल्यास उत्तम. या द्रव्याच्या वाफेनें घसा धरतो, म्हणून हें काम उघड्या हवेंत करावें. नंतर पाणी टाकून दाणे ओलेच वाटावे, बारीक जाळीच्या कापडांतून भरपूर पाण्यानें गाळावे व गाळलेलें दूध निवूं द्यावें. तळच्या पांढऱ्या थरावर एक पिवळसर, मऊ थर दिसेल. तें प्रथिन होय. तें हलक्या हातानें खरवडून काढावें, पुन्हां पाणी घालून ढवळावें, पुन्हां निवूं द्यावें. असें तीन-चार वेळां केल्याशिवाय पिष्ट स्वच्छ होत नाहीं. वाळविणें सावलींत, वाऱ्यावर. ओलें पिष्ट ६५-७० अंशांपुढें तापलें कीं त्याचे कण फुगून फुटतात व त्याची लापशी होते. मग तें पिष्ट राहिलें नाहीं.

येथें खरा व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो. भाकरीची चांगली शाळू या कामीं घालणें शुद्ध तोट्याचें आहे. तिला खाणाराच अधिक भाव देतो. खळीकडे वळविण्याजोगी ज्वारी म्हणजे फेब्रुवारी-मार्चांतील अवकाळी पावसानें काळी पडलेली, ज्या मालास बाजारांत कोणी विचारीत नाहीं ती. पण तिच्यांतच खोट असते. दाणा कणसांत भिजला म्हणजे उगवणीची तयारी सुरू होते, अमायलेज हें पाचकद्रव्य जागें होतें व पिष्ट आंतून कुरतडलें जातें. बुरशीही तेंच करते. अशा दाण्याचें पिष्ट पाहण्यांत पांढरें निघेल, पण त्याची खळ पातळ होईल. काळी ज्वारी सगळी सारखी नसते. कांहीं माल केवळ सालीवर डागाळलेला असतो व आंतून धड असतो, तर कांहीं आंतून पोखरलेला असतो. डोळ्यांनीं हा भेद कळत नाहीं, कसोटीनेंच कळतो. आणखी एक सूचना: बुरशीचें विष धुण्याच्या पाण्यांत, चोथ्यांत व प्रथिनाच्या थरांत अधिक उतरतें, पिष्टांत थोडें राहतें, असा मक्याविषयींचा अनुभव आहे. म्हणून काळ्या ज्वारीचा चोथा गुरांपुढें टाकूं नये.

पिष्टाच्या कांहीं कसोट्या घरीं करतां येतात. आयोडीनचा थेंब टाकला असतां साधें पिष्ट निळेंकाळें होतें. ज्या वाणांत अमायलोज जवळजवळ नसतें, त्या मेणट वाणाचें तांबूस तपकिरी होतें. ही कसोटी पिष्ट आहे किंवा नाहीं एवढेंच सांगते, तें चांगलें आहे असें सांगत नाहीं. खळीसाठीं महत्त्वाची कसोटी दाटपणाची. ६ ग्रॅम पिष्ट १०० मिलिलिटर गार पाण्यांत कालवून, उकळत्या पाण्यांत भांडें धरून, सतत ढवळीत पंधरा-वीस मिनिटें शिजवावें. तळाशीं भोंक असलेल्या ठराविक पेल्यांत ती गरम खळ भरून ती गळून जाण्यास किती सेकंद लागतात तें मोजावें. बाजारांतील मक्याचें पिष्ट त्याच प्रमाणांत, त्याच उष्णतेवर मोजून ताडून पाहावें. मग दोन्ही खळी तासभर तापत्या ठेवून पुन्हां मोजाव्या. जी तासाभरांत फारच पातळ होते, तिनें एकाच रुळाच्या आरंभीं व शेवटीं सुतावर चढणारा थर सारखा येत नाहीं, व विणकर ती परत करतो. कारखानदार कधीं कधीं मुद्दाम अम्लानें पातळ केलेलें पिष्ट वापरतात हें खरें. परंतु तें पातळपण मोजून आणलेलें असतें, पावसानें आणलेलें नसतें. ओलावा, राख व प्रथिन हीं प्रयोगशाळेंतून काढून घ्यावीं. उत्तम पिष्टांत प्रथिन शेंकडा अर्ध्याहून अधिक नसावें.

चिंचोक्याचा उल्लेख येथें करणें अवश्य आहे. घोंगड्यांस चिंचोक्याची खळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि चिंचोक्याची पूड कापडाच्या खळींतही चालते. बार्शीच्या बाजारांत चिंच येते तेव्हां चिंचोका मागें राहतोच. पण चिंचोक्यांतील चिकट द्रव्य पिष्ट नव्हे, तो वेगळ्या जातीचा डिंक आहे. त्यास पिष्टाच्या कसोट्या लावून निकाल काढूं नये.

आतां अतिसूक्ष्म कणांकडे वळूं. अम्लानें पिष्ट झिजविण्याचा प्रयोग जुना आहे; नेगेली यानें गंधकाम्लानें १८७४ सालीं, व लिंटनर यानें मिठाच्या अम्लानें १८८६ सालीं तो केला. दगडमातीच्या जुन्या भिंतीवर पाऊस पडत राहिला तर माती वाहून जाते व दगड उरतात. त्याप्रमाणें अम्ल प्रथम कणाचे मऊ थर खातें व कठीण स्फटिक मागें राहतात. २००४ सालीं फ्रान्समधील ग्रनोबल येथील संशोधकांनीं मेणट मक्याच्या पिष्टावर या रीतीचें उत्तम प्रमाण बसविलें. लिटरास सुमारें ३१० ग्रॅम गंधकाम्ल असलेलें पाणी, त्याच्या २५० मिलिलिटरांत ३६.७ ग्रॅम पिष्ट, उष्णता ४० अंश, सतत ढवळणें, व मुदत पांच दिवस. शेवटीं कण धुवून घेतले तेव्हां शेंकडा १५ हातीं लागले. हे कण गोल नसून चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. जाडी ५ ते ७ नॅनोमीटर व लांबी-रुंदी कांहीं दशक नॅनोमीटर. गंधकाम्लाचा अंश पृष्ठभागास चिकटून त्यांवर ऋण विद्युद्भार येतो, त्यामुळें ते एकमेकांस ढकलतात व पाण्यांत तरंगत राहतात.

हे आंकडे आपल्या मापांत मांडून पाहूं. १०० किलो ज्वारींतून ५० किलो पिष्ट हातीं आलें असें धरूं. वरील प्रमाणानें त्यास सुमारें ३४० लिटर अम्लजल, म्हणजे १०५ किलो गंधकाम्ल लागेल. कण निघतील साडेसात किलो. उरलेलें साडेबेचाळीस किलो पिष्ट साखरेच्या रूपानें अम्लांत विरघळून गेलें. तें अम्ल निवारण्यास सुमारें ८० किलो विरलेला चुना लागेल व त्यांतून १८५ किलोंच्या आसपास जिप्समचा गाळ होईल. कण धुण्यास लागणारें पाणी याहून वेगळें, आणि तें पाणी सोलापूर जिल्ह्यांतील आहे हें विसरूं नये. साधी शाळू मेणट मक्याप्रमाणें वागेलच असेंही नाहीं, कारण तिच्यांत अमायलोज सुमारें पाव हिस्सा असतें व स्फटिक होतात ते अमायलोपेक्टिनचे. साडेसात किलो मालासाठीं पावणेदोनशें किलोंहून अधिक गाळ, हें गणित मोठ्या भावाच्या गोष्टी सांगणारे सांगत नाहींत.

दुसरी रीत अल्कोहोलची. पिष्ट पाण्यांत पूर्ण शिजवून त्या पातळ खळींत अल्कोहोल हळूहळू सोडलें असतां पिष्ट अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें खालीं बसतें. हे कण बहुधा ५० ते ३०० नॅनोमीटरचे असतात. येथें अम्ल नाहीं व पिष्टही फारसें वायां जात नाहीं. पण अल्कोहोल पुष्कळ लागतें, तें ऊर्ध्वपातनानें परत मिळवावें लागतें, आणि तें बाळगण्यास राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तिसरी रीत कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या हादऱ्यांनीं कण फोडण्याची. तींत रसायन नाहीं, वीज मात्र पुष्कळ. व मूळची स्फटिकरचनाही पुष्कळशी मोडते.

कण झाले कीं नाहीं हें ओळखणें करण्याहून अवघड आहे. तयार पाण्यांतून अंधाऱ्या खोलींत दिव्याचा बारीक झोत सोडला असतां झोताची वाट दुधाळ दिसते व कण तळाशीं बसत नाहींत. पण साध्या शिजलेल्या खळीचेंही असेंच दिसूं शकतें, म्हणून ही केवळ पहिली चाचणी समजावी. प्रयोगशाळेंत लेसरचा झोत पाण्यांतील कणांवर टाकून परतणाऱ्या प्रकाशाचें थरथरणें मोजतात. लहान कण जलद हालतो, मोठा सावकाश, आणि त्यावरून आकार काढतात. हें यंत्र कण गोल आहे असें धरून चालतें, व आपले कण तर चपटे. शिवाय चार कण एकत्र चिकटले असतील तर त्यांचा एकच आंकडा येतो. म्हणून विद्युत्सूक्ष्मदर्शकाचें छायाचित्र सोबत असलेंच पाहिजे. तिसरी तपासणी क्ष-किरणांची. धान्याच्या पिष्टाच्या आलेखांत साधारण १५, १७, १८ व २३ अंशांजवळ उंचवटे दिसतात. अम्लानें केलेल्या कणांत ते अधिक ठळक होतात. शिजवून अल्कोहोलनें पाडलेल्या कणांत ते मावळून १३ व २० अंशांजवळ दुसरे उठतात. म्हणजे माल कोणत्या रीतीनें केला हें विकणारानें न सांगतांही कळूं शकतें.

सर्वांत मोठी फसगत वाळविण्यांत होते. पाण्यांत सुटे असलेले कण वाळतांना एकमेकांस घट्ट चिकटतात, आणि ती पूड पुन्हां पाण्यांत घातली असतां सर्व सुटत नाहीं. पिशवींतील पूड नॅनो म्हणून विकत घेणारानें तीच पूड पुन्हां पाण्यांत कालवून केलेलें मोजमाप मागावें. वाळविण्यापूर्वींचें मोजमाप त्या पुडीस लागू नाहीं.

या कणांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. रबरांत भर म्हणून, वेष्टनाच्या पापुद्र्यांतून वाफ कमी जावी म्हणून, तेल व पाणी यांचें मिश्रण फुटूं नये म्हणून, व औषधें सांवकाश सोडण्यासाठीं यांवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. सुताच्या खळीचा पापुद्रा बळकट करण्यासही ते उपयोगी पडावे. पण अक्कलकोट रस्त्यावरील मागास आज हवी आहे ती सारख्या दाटपणाची, स्वच्छ व स्वस्त खळ. त्यासाठीं कण नॅनो असण्याची मुळींच गरज नाहीं. आमच्या मतें शेतकऱ्यांच्या संघानें पैसा घालावयाचा तर तो काळ्या ज्वारीच्या पिष्टाची पारख करण्यांत घालावा, नॅनोच्या यंत्रांत नव्हे. मुंबईस माटुंगा येथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें २०१५ सालीं कापसाच्या तंतुद्रव्याच्या अतिसूक्ष्म कणांचा प्रायोगिक कारखाना उभारला. प्रयोगशाळेंतील चंचुपात्र व बाजार यांमधील ही पायरी सरकारी संस्थेस घ्यावी लागली, यावरून एकट्यादुकट्या शेतकऱ्याची ऐपत काय तें समजावें.

नमुना पाठविणें झाल्यास तो एका पोत्याच्या तोंडावरचा नसावा. निदान दहा पोत्यांतून, वरून, मधून व तळांतून मूठमूठ काढून एकत्र मिसळावें व त्यांतील दोन किलो कापडी पिशवींत भरावें. प्लास्टिकच्या पिशवींत ओलसर दाणा वाटेंतच बुरसटतो. पिशवींत चिठ्ठी घालून तीवर वाण, काढणीची तारीख, काढणीपूर्वीं किती दिवस पाऊस लागला व माल किती आहे, हें लिहावें. तपासणारास प्रथम दाटपणा विचारावा व तो दोन वेळां, शिजतांच आणि तासाभरानें, मागावा.